कोहळ्याच्या एकशे शहाण्णव बिया

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबांनी रुपये चाळीस रोख भरले. हजर होते जिनिंगचे मुनीमजी, बाबा, शेजारच्या यशोदामावशी आणि मी. चाळीस रुपये हे एका पट्ट्याचं वर्षाचं भाडं. सेलूला ज्या जिनिंगमध्ये बाबा कारकून होते, तिच्या मागच्या भिंतीपासून नाल्यापर्यंत एक तिरकी जागा पडून होती. कपाशीच्या गाड्या तिथे वळत नसत, म्हणून शेठनी तिचे दहा पट्टे पाडून कामगारांना भाजीपाल्यासाठी दिले होते. पट्टा चाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद. दर वर्षी दसरा झाला की मुनीमजी आपल्या टोपीत दहा चिठ्ठ्या टाकायचे आणि प्रत्येक घरातल्या सर्वांत लहान माणसानं एक उचलायची, असा नियम होता. आमच्या घरात मी लहान, तेरा वर्षांची. मी सात नंबर काढला. यशोदामावशींच्या घरात त्या आणि काका दोघंच, काका जिनिंगात काट्यावर वजन करायचे. मुनीमजींनी टोपी पुढे केली तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमच्यात मीच लहान. काकाईले विचारा, आजही मले अक्कल नाई म्हनतात." त्यांना आठ नंबर मिळाला. आमचा आणि त्यांचा धुरा, म्हणजे मधला बांध, एक झाला, आणि आईला बोलायला वर्षभराची सोय झाली.

नवा पट्टा मिळाला की जुन्यावरचं आपलं सगळं उचलून न्यायचं असे. पावसाळ्यात दोडके, कारली आणि बरबटी ज्या मांडवावर चढवलेली असत, तो मांडव सोडायचा. वेल तोवर पिवळे पडून सुतळीत गुरफटलेले असत. सुतळी कापायची नाही, गाठ सोडायची, कारण ती पुढच्या वर्षी लागे. बांबू बासष्ट होते. मी ते मोजून नव्या पट्ट्याच्या कडेला रचत असे. त्यानंतर बाबा सब्बलीनं पावसानं आवळलेली काळी माती उखळत आणि आई आणि मी ढेकळं फोडत असू. आमच्याकडची माती फार लहरी. ओली असली तर पायाला चिकटून बूट बनते, वाळली तर विटेसारखी होते, आणि फोडायला योग्य असे मधले दिवस चार-पाचच मिळतात. ते चार-पाच दिवस दसरा आणि कोजागिरी यांच्या मध्ये येत. गोठ्यामागच्या उकिरड्यातलं मुरलेलं खत घमेल्यांनी वाहायचं, आमच्या पट्ट्याला तीस घमेली. मग वाफे. मेथीचे तीन, पालकाचे दोन, मुळ्याचा एक, लसणाचा एक, आणि सांबाराचे दोन. सांबार म्हणजे कोथिंबीर. वर्ध्याच्या पलीकडे गेलं की लोक या शब्दाला हसतात, पण मी अजून भाजीवाल्याकडे सांबारच मागते. सांबाराचं बी पेरण्याआधी चपलेखाली रगडून त्याचे दोन भाग करावे लागत. ते काम माझं. गोणपाटावर बी पसरून मी त्यावर चपलेनं फेर धरायचे आणि मावशी धुऱ्यापलीकडून ओरडायच्या, "हळू वं सुमे! बी फोडाले सांगतलं, पीठ कराले नाई!"

दुपारी तिथेच जेवायचो. ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि आई कधी वांगं तिथल्याच काटक्यांवर भाजून त्यात कच्चं तेल घालून द्यायची. मावशी आपली शिदोरी घेऊन धुऱ्यावर येऊन बसत. हल्ली आमच्या वर्ध्याच्या घराच्या गच्चीवर मी अकरा कुंड्या आणि चार पिशव्या लावल्या आहेत. त्यांची मातीही विकत आणावी लागली, आणि माझी सून फोनवर बघून मला सांगते की कोणत्या महिन्यात काय लावावं. चांगलं सांगते. पण ढेकूळ फुटल्यावर येणारा तो 'भप्प' असा आवाज विकतच्या मातीला येत नाही.

मावशींची खरी माया मात्र पट्ट्यावरच्या भाजीवर नव्हती. त्यांच्या गोठ्याच्या छपरावर कोहळ्याचा एक वेल असे. बाकी महाराष्ट्र ज्याला लाल भोपळा म्हणतो, ते आमचं कोहळं. पण हे बाजारात दिसतं तसं नव्हतं. लहान, चपटं, बारा फाकांचं, सालीला राखाडी झाक, आतून गर्द शेंदरी, आणि गूळ न घालताही त्याचे तळलेले बोंडे गोड होत. हे बी मावशींनी लग्नाच्या वेळी केळझरहून, माहेराहून, पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. तेव्हापासून दर वर्षी एक कोहळं वेलावर शेवटपर्यंत राखायचं, दसऱ्याला उतरवायचं, त्यातलं बी पुढच्या आषाढाला लावायचं. माहेराशी त्यांचा तेवढाच संबंध उरला होता. त्याआधी नऊ वर्षं त्यांच्या धाकट्या भावाच्या मोठ्या मुलाचं लग्न झालं. त्या लग्नाच्या पत्रिकेत इतर नातेवाइकांची नावं होती, काकांचं नव्हतं. मावशी लग्नाला गेल्या नाहीत, आणि त्यानंतर केळझरला पाय ठेवला नाही. काकांना स्वतःला त्याचं काही नव्हतं. "माझं नाव रोज काट्याच्या पावतीवर येते," एवढंच ते म्हणत. मावशींचे हे भाऊ दर आठवडी बाजाराला सेलूला येत आणि काट्यावर काकांबरोबर चहा पिऊन जात. ही गोष्ट मावशी सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

चिठ्ठ्या निघाल्या त्याच संध्याकाळी पुलगावहून निरोप आला की मावशींच्या लेकीला दुसरा मुलगा झाला. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाल्या. निघताना छपरावरून उतरवलेलं ते कोहळं आमच्या ओट्यावर ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "वयनी, हे फोडून घेजा. गराचे बोंडे करा. बी धुवून राख लावून वाळवा, अन् चांगलं पाहून पंचवीस बेन्याले ठेवा. बाकीचं पोरीईले खाऊ घाला." बेनं म्हणजे लावण्यासाठी राखलेलं बी. आई म्हणाली, "सुमी करीन. तिले मोजायचं काम द्यावं, बाकी तिच्यानं होत नाई."

आई खरं बोलत होती. मला मोजण्याचं वेड होतं. विहिरीवरून पट्ट्यापर्यंत किती बादल्या, एका जुडीत मेथीच्या किती काड्या, भाकरी थापताना आईच्या बांगड्या किती वेळा वाजतात. बाबांची रोजकीर्दीची वही मी गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचत असे. मी ते कोहळं फोडलं, बी धुतलं, राखेत चोळलं, सुपात पसरून तीन दिवस ओट्यावर वाळवलं, चिमण्या हाकलल्या. मग पाखडलं. पाखडताना पोचट बी हलकं असतं, ते सुपाच्या तोंडाशी येतं, भरलेलं मागे राहतं. मोजलं तर एकूण दोनशे सत्तावन्न बिया. त्यांतल्या पोचट एकसष्ट, भरलेल्या एकशे शहाण्णव.

आता इथे भुलाबाईची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यावाचून माझा गुन्हा समजणार नाही. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे मुली मातीची भुलाबाई मांडतात, रोज संध्याकाळी घरोघर फिरून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि प्रत्येक घरी शेवटी खिरापत असते. खिरापत झाकण लावलेल्या डब्यात आणायची. मुलींनी डबा हलवून, आवाज ऐकून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की खायचं, ओळखलं नाही तरी खायचंच, पण न ओळखलेल्या खिरापतीचा मान त्या घराला मिळतो. आमच्या आळीत माझ्यासकट चौदा मुली होत्या. त्यांत पुष्पी नावाची एक होती. तिचं नाक आणि कान यांच्यासमोर कुणाचं काही चालत नसे. माझी खिरापत तिनं त्या महिन्यात चार वेळा ओळखली होती, आणि चारही वेळा तिसऱ्या प्रश्नाच्या आत. कोजागिरीला शेवटची पाळी आमच्या घरी होती.

बिया भाजायच्या हे मी ठरवून ठेवलं होतं. आमच्या आळीत कुणी कोहळ्याच्या बिया खिरापतीला केल्या नव्हत्या. परवानगीही होती, बाकीचं पोरींना खाऊ घाला असं मावशी स्वतः म्हणाल्या होत्या. पण मी पाटी घेऊन बसले आणि आकड्यांनी मला पाडलं. भरलेल्या एकशे शहाण्णव. मुली चौदा. चौदा चौदा एकशे शहाण्णव. प्रत्येकीला चौदा बिया, बाकी शून्य. इतका सुंदर हिशेब मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यातून पंचवीस काढल्या तर एकशे एकाहत्तर उरत, म्हणजे प्रत्येकीला बारा आणि खाली तीन. त्या तीन माझ्यानं सहन होईनात. मी विचार केला, मावशींनी पंचवीस सांगितल्या आहेत. पंचवीस आपण ठेवू. एकसष्ट पोचट बियांतून त्यातल्या त्यात मोठ्या, पांढऱ्याशुभ्र पंचवीस मी निवडल्या, दोनदा मोजल्या, औषधाच्या रिकाम्या डबीत घातल्या, झाकणावर 'यशोदामावशी, बेनं, २५' अशी चिठ्ठी चिकटवली. उरलेल्या छत्तीस गाईच्या आंबोणात टाकल्या. आणि भरलेल्या एकशे शहाण्णव मीठ-तिखट लावून खमंग भाजल्या. 'चांगलं पाहून' हे शब्द मला ऐकू आले नव्हते असं मी म्हणणार नाही. ते आले होते. मी त्यांना आकडा दिला नाही, एवढंच.

कोजागिरीला आमचं घर जिंकलं. पुष्पीनं डबा कानाला लावला, हलवला, झाकणाच्या फटीशी नाक नेलं. "तिखट?" "हो." "तळलेलं?" "नाई." "भाजलेलं! शेंगदाने!" "नाई." "फुटाने. लाखोळी. वाटाने. जवस." नाही, नाही, नाही, नाही. तेवीस पदार्थ तिनं सांगितले. शेवटी बसकण मारून म्हणाली, "काय घातलं वं बाई, गोटे?" मी झाकण उघडलं. प्रत्येकीच्या हातावर चौदा. दुधाच्या वाट्या येईपर्यंत ओट्यावर नुसता दातांनी साल फोडण्याचा आवाज होता. त्या रात्रीइतका मान मला पुढे एकदाच मिळाला, बँकेच्या परीक्षेत जिल्ह्यातून वर आले तेव्हा, आणि तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

मावशी पाच दिवसांनी परत आल्या, दुपारी, आम्ही पट्ट्यावर लसूण टोचत होतो तेव्हा. नातवाचं वजन, जावयाचं वागणं, गाडीतली गर्दी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माह्यं बेनं?" मी अभिमानानं डबी काढून दिली. त्यांनी चिठ्ठी वाचली, हसल्या, झाकण उघडलं, आणि सवयीनं एक बी अंगठ्यानं दाबलं. ते चपटं झालं. दुसरं दाबलं. तिसरं. चौथं त्यांनी दातात धरलं आणि थुंकलं.

"सुमे, हे तं फोल हाये."

आईनं टोचायला घेतलेली लसणाची पाकळी खाली ठेवली. "किती ठेवल्या होत्या वं?"

"पंचवीस," मी म्हणाले.

"मोजून?"

"दोनदा."

मावशींनी उरलेल्या एकेक करून पाहिल्या. पंचवीसच्या पंचवीस पोचट निघाल्या. मग विचारलं, "अन् भरलेल्या?" मी सांगितलं. चौदा चौदा एकशे शहाण्णव हेही सांगितलं, कारण मला वाटलं त्याने काही फरक पडेल. मावशींनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मोजनी तुही बरोबर हाये माय. बेनं तेवढं नाई." त्या रागावल्या नाहीत, हेच मला जड गेलं. डबी पदराला पुसून त्यांनी मला परत दिली आणि आपल्या वाफ्याकडे गेल्या. आई हळू आवाजात म्हणाली, "तिच्या माहेरचं होतं ते. तुले समजते काय, काय खाल्लं तू?"

संध्याकाळी बाबांपुढे प्रकरण गेलं. बाबा कमी बोलत. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "हे बी आणखी कुठे आहे?" आई म्हणाली, "केळझरले, तिच्या भावजयीजवळ. पन ते मागाले जाईन कोन? त्या तं मरतीन, जानार नाई." बाबा म्हणाले, "जिनं फोल ठेवलं, तीच जाईल. रविवारी सायकल काढतो." आणि रिकाम्या हातानं बी मागू नये, बियाच्या बदल्यात बी द्यावं, ही रीत आहे असं सांगून त्यांनी आमच्या घरचं मेथीचं बी पावशेर तोलून पुडीत बांधलं.

केळझरला मावशींच्या भावाचं घर गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. मामा वावरात गेले होते. कमलामामी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. उंच, हातात पाटल्या, आवाज असा की रस्त्यावरून जाणारा थांबावा. बाबा बाहेर सायकलजवळच थांबले, मला म्हणाले, "जा, सांग." मी सांगितलं. कुणी पाठवलं नाही, मीच आले, असं असं झालं, बी मी खाल्लं. मामींनी मिरच्या तशाच सोडल्या आणि पोट धरून हसल्या. "एकशे शहान्नव! अन् बाकी शून्य!" मग एकाएकी हसणं थांबवून म्हणाल्या, "नऊ वर्षं झाले बाई माह्या दारात आली नाई, पन माह्या सासूचं बेनं मात्र नेमानं लावते, काय?"

"हो. दर वर्षी एक कोहळं राखतात."

त्या आत गेल्या, मडक्यातून एक पुरचुंडी काढून आणली, मला दाखवली. बिया जाड, भरलेल्या, राखेनं माखलेल्या. मी मेथीची पुडी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, आणि पुरचुंडीही दिली नाही.

"माहेरचं बेनं लेकीच्या ओटीत पडते पोरी, दुसऱ्याच्या हातात नाई. हे तिच्याच मायनं मले सांगतलं होतं. तिले पायजे तं तिनं यावं."

"त्या येणार नाहीत."

"काऊन? पाय मोडले काय तिचे?"

"पत्रिकेत काकांचं नाव नव्हतं म्हणून."

मामींचा चेहरा लाल झाला. "ते तिनं मले विचारावं लागते. तुले नाई सांगत मी." असं म्हणून त्यांनी मला बसवून कोहळ्याचे सहा बोंडे खाऊ घातले, बाबांना अंगणात चहा पाठवला, आणि आम्हाला रिकामं परत लावलं. त्या बोंड्यांची चव आणि मावशींच्या बोंड्यांची चव एकच होती. हे मी परतीच्या वाटेवर बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तिलाही सांग."

मी सांगितलं, ओटीचा निरोपही सांगितला. मावशी पालकाच्या वाफ्याला पाणी देत होत्या. "मी जात नाई," त्या म्हणाल्या. "बेनं गेलं तं गेलं. वांगे लावीन छपरावर." वांगी छपरावर लागत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. सोमवारी त्यांनी आपल्या पट्ट्यातली ढेकळं फोडायला घेतली, आणि ती आधीच फोडलेली होती. दुपारी त्यांनी शिदोरी उघडलीच नाही. संध्याकाळी धुऱ्यावर येऊन माझ्याकडे न पाहता आईला म्हणाल्या, "वयनी, उद्या मंगळवार हाये. मी गनपतीले जाऊन राह्यली, केळझरले. नातवाचा नवस होता. कोनाच्या घरी नाई जात. सुमी येते काय सोबत?" आईनं लगेच हो म्हटलं. नवस कधी बोलला गेला होता, हे कुणीही विचारलं नाही.

दर्शन झाल्यावर मावशी देवळाच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाय दुखतात. तू जाय, खाली सांगून ये, मी आली हावो म्हना. बस, एवढंच." मी उतरले. मामी म्हणाल्या, "मंग? देव काय तिचा भाऊ लागते? घरी ये म्हना." मी चढले. मावशी म्हणाल्या, "बोलावनं असं येते काय, पोराच्या तोंडी? नाव टाकाले कागद नव्हता, आता पाय टाकाले अंगन हाये काय?" मी उतरले. मामी म्हणाल्या, "सांग तिले, छापनाऱ्यानं ओळच्या ओळ गाळली. माह्या स्वतःच्या भावाचंही नाव नव्हतं त्यात, तो तं जेवून गेला!" मी चढले. पायऱ्या मी मोजत होते, पण चढताना एक आकडा येई आणि उतरताना दुसरा, आणि दुसऱ्या फेरीनंतर मी मोजणं सोडलं, जे माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. ओळ गाळल्याचं ऐकून मावशी म्हणाल्या, "तं मंग नऊ वर्षं सांगता नाई आलं तिले?" हा निरोप घेऊन मी निम्म्यात पोचले, तर समोरून मामीच धापा टाकत चढत येत होत्या, एका हातात पुरचुंडी, दुसऱ्यात नारळ. वर पाहते तर मावशीही उठून चार पायऱ्या खाली आल्या होत्या. मग पाच. मधल्या मोकळ्या जागेवर दोघी समोरासमोर थांबल्या.

"सांगाले तू विचारलं काय कधी, बाई?"

"मी विचारावं?"

"मंग मी काय दवंडी देवू? तुहा भाऊ दर बाजारी तुह्या घरवाल्यापाशी चहा ढोसून येते, त्यानं नाई सांगतलं?"

मावशी थबकल्या. "कोन येते?"

मामींच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. दोघींनी माझ्याकडे पाहिलं, मी टेकडीखालच्या झाडांकडे पाहिलं. आणि आधी मावशीच हसल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "नऊ वर्षं! अन् मी त्या मानसाले म्हनो, बाजाराच्या दिवशी तुमाले जेवन काऊन जात नाई!" मामीही हसत पायरीवर बसल्या. तिथेच त्यांनी नणंदेची ओटी भरली, नारळ, मूठभर तांदूळ आणि ती पुरचुंडी उघडून सगळं बी. मावशींनी त्यातलं एक उचलून अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"पाह्यनं," मामी मला म्हणाल्या, "अजूनही पारखूनच घेते."

"पारखाचं नाई तं काय मोजाचं?" मावशी म्हणाल्या.

ते बी पुढच्या आषाढात लागलं, आणि लागत राहिलं. माझ्या लग्नात त्यातल्या काही बिया माझ्याही वाट्याला आल्या. गच्चीवरच्या एका पिशवीत यंदा त्याचा वेल आहे, कठड्यावरून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर गेला आहे आणि शेजारी काही बोलत नाहीत, कारण त्यांना बोंडे पोचतात. बेन्याचं बी मी आता मोजत नाही असं नाही. मोजते. पण आधी दाबून पाहते.

त्याच वर्षी भाऊबीजेला मामा आणि मामी दुपारच्या बसनं सेलूला आले. मावशींनी सकाळपासून अंगण सारवून ठेवलं होतं, आणि आई, बाबा, मी असे सगळे तिकडेच होतो. मामा पाटावर बसले. बुटके, गोल, अपराधी चेहऱ्याचे गृहस्थ. मावशींनी ओवाळलं, मामांनी तबकात निळं लुगडं ठेवलं आणि उठू लागले.

"बस," मावशी म्हणाल्या. "ही एक झाली. नऊ बाकी हायेत."

मामांनी बायकोकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "माह्याकडे काय पाहता? चहा पेताना पाह्यलं होतं काय माह्याकडे?"

मावशींनी खरंच पुन्हा निरांजन लावलं, पुन्हा कुंकू, पुन्हा अक्षता. दुसऱ्या खेपेला मामांनी चोळीचा खण ठेवला, तो मामींनी पिशवीतून काढून दिला. तिसऱ्या खेपेला पाचाची नोट आली, चौथ्याला दोनाची, मग सुटे. मामांच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत उतरलं. काका दारात उभे राहून फार गंभीर चेहऱ्यानं बघत होते. "तुमी हसू नका," मावशी त्यांना म्हणाल्या, "तुमचा नंबर पुढं हाये." आठव्याला केळझरच्या झाडाचे पेरू आले. नवव्याला मामांचे दोन्ही खिसे उलटे झाले आणि त्यांनी कमरेची पितळी चुनाडबी काढून तबकात ठेवली. मावशींनी ती उचलून पदराच्या गाठीत बांधली. "ठेवली. तंबाखू तरी सुटन."

"आता नाई ना बाई काही," मामा काकुळतीनं म्हणाले. "बसभाड्याचे तेवढे हायेत."

"मंग?" मावशी म्हणाल्या आणि वात पुढे सारली. "बसनं जाऊन कोन राह्यलं आज?"

मामींनी आपली पिशवी उचलून आत, मावशींच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. शेवटची बस जिनिंगसमोरून भोंगा देत गेली तेव्हा मामा अजून पाटावरच होते. दहावी आणि अखेरची ओवाळणी म्हणून त्यांनी दिले ते परतीच्या प्रवासाचे, दोन माणसांचे, रुपये सहा, मिळाले यशोदामावशींना.